दहा लाखांची लेन्स कुणाला लागते?

पक्ष्या-प्राण्यांचे फोटो काढायला लागलेला माणूस वर्ष-दोन वर्षांत एका प्रश्नाशी येऊन थांबतो. हातातल्या लेन्सने पक्षी लहानच येतो, पहाटे फोटो खरखरीत येतात, आणि जंगलात शेजारच्या जीपमध्ये कुणाकडे तरी तोफेएवढी पांढरी किंवा काळी लेन्स दिसते. मग तो विचारतो : चांगला फोटो हवा असेल तर ती दहा-बारा लाखांची लेन्स घ्यावीच लागते का? की दीड-दोन लाखांच्या झूमवर भागतं? आणि भागत असेल, तर लोक एवढे पैसे कशाचे मोजतात?

या प्रकरणात आपण या प्रश्नाचं उत्तर टप्प्याटप्प्याने शोधू. लेन्सच्या माहितीपत्रकातला एकेक आकडा घेऊ, त्याचा अर्थ समजून घेऊ आणि शेवटी कुणी काय घ्यावं ते ठरवू. थोडी बेरीज-गुणाकाराची गणितं येतील; ती तोंडी करता येण्याजोगी आहेत.

१. खरेदीदार शिवाजीनगरचा

हिशेब हवेत राहू नये म्हणून समजा, की तुम्ही बंगळुरूच्या शिवाजीनगरात राहता. जुन्या कँटोन्मेंटमधली ही वस्ती, पूर्वीचं ब्लॅकपल्ली. शहाजीराजांना १६३८ नंतर बंगळुरूची जहागीर मिळाली, त्या काळापासून या शहराचा मराठीशी संबंध आहे आणि या वस्तीला तर शिवाजी महाराजांचंच नाव आहे. वन्यजीवांचे फोटो काढणाऱ्यासाठी हा पत्ता भाग्याचा. रसेल मार्केटच्या मटण-मासळीच्या गल्ल्यांवर घारी फिरत असतात. हलसुरूचा तलाव जवळच आहे. म्हैसूरच्या दिशेने निघालं तर कोकरे बेल्लूर या गावात चित्रबलाक आणि झोळीवाले, म्हणजे पेलिकन, घरांशेजारच्या झाडांवर घरटी करतात. आणखी पुढे कावेरीतल्या बेटांवरचं रंगनथिट्टू आणि त्यापलीकडे काबिनीचं जंगल. सुट्टीला गावी गेलात, तर भिगवणचं उजनी जलाशयाचं पाणी आणि चंद्रपूरचं ताडोबा आहेच.

आता दुकानातल्या तीन लेन्स समोर ठेवू. तिन्ही निकॉनच्या, तिन्ही सहाशे मिलिमीटरपर्यंत पोचणाऱ्या.

पहिली : १८०-६०० मिलिमीटर, एफ/५.६ ते ६.३ ची झूम. २०२३ साली आली. वजन सुमारे २.१४ किलो. अमेरिकेतली सुरुवातीची किंमत सुमारे १,७०० डॉलर.

दुसरी : ६०० मिलिमीटर एफ/६.३. तीही २०२३ ची. वजन सुमारे १.४७ किलो, किंमत सुमारे ४,८०० डॉलर.

तिसरी : ६०० मिलिमीटर एफ/४. २०२२ साली आली. वजन ३.२६ किलो, किंमत सुमारे १५,५०० डॉलर. भारतात आयात शुल्क आणि कर धरून ही दहा लाखांच्या बरीच पुढे जाते.

सोनी आणि कॅननच्या घरातही हीच उतरंड आहे. सोनीची २००-६०० झूम आणि ६०० एफ/४ या दोन्ही २०१९ साली आल्या. कॅननची १००-५०० ही २०२० ची आणि २००-८०० ही २०२३ ची. तुमच्याकडे ज्या कंपनीचा कॅमेरा असेल तिच्या लेन्स ताडून पाहा, तर्क तोच राहतो.

पहिली आणि तिसरी दोन्ही ६०० मिलिमीटर दाखवतात, आणि किमतीत नऊ पटींचं अंतर आहे. तेव्हा जास्तीचे पैसे लांबीचे नाहीत, हे उघड आहे. मग कशाचे?

२. मिलिमीटर काय सांगतात?

६०० मिलिमीटर हे लेन्सचं नाभीय अंतर. ते जितकं जास्त, तितका समोरच्या दृश्याचा लहान तुकडा फोटोत येतो आणि तो मोठा दिसतो. पूर्ण आकाराच्या सेन्सरची, म्हणजे फुल-फ्रेम कॅमेऱ्याच्या सेन्सरची रुंदी ३६ मिलिमीटर असते. ३६ ला ६०० ने भागलं की ०.०६ येतं. म्हणून ६०० च्या लेन्ससाठी एक सोपा नियम मिळतो : विषय जितका दूर, त्याच्या सहा टक्के रुंदीचं दृश्य फोटोत मावतं.

वीस मीटरवर १.२ मीटर रुंदीचं दृश्य. तिथे छोटा खंड्या बसला असेल, तर त्याची लांबी सुमारे १६ सेंटिमीटर. म्हणजे फोटोच्या रुंदीचा जेमतेम १३ टक्के भाग त्याने व्यापला. ४५ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात फोटो आडवा सुमारे ८,२०० पिक्सेलचा असतो. त्यातले सुमारे १,१०० पिक्सेल खंड्याच्या वाट्याला आले. मोबाइलवर पाहायला ठीक, भिंतीवर मोठा छापायला अपुरे.

आता समजा, कुणीतरी सल्ला दिला की ८०० मिलिमीटरची घ्या. वीस मीटरवर ८०० मिलिमीटर ०.९ मीटर रुंदीचं दृश्य दाखवेल आणि खंड्या १८ टक्के होईल. पण ६०० घेऊन तुम्ही पाच मीटर पुढे सरकलात, पंधरा मीटरवर आलात, तरी दृश्य ०.९ मीटरच होतं. दहा मीटरवर पोचलात तर खंड्या २७ टक्के होतो, म्हणजे १२०० मिलिमीटरच्या लेन्सने वीस मीटरवरून दिसला असता तेवढा.

यातून पहिला निष्कर्ष निघतो. अंतर निम्मं करणं म्हणजे लेन्स दुप्पट लांब करणं. काठावर शांत बसून राहिलात आणि पक्षी आपणहून जवळ आला, तर ती दुप्पट लांबी फुकट मिळते. पक्ष्याच्या मागे धावून ती मिळत नाही. तो उडून जातो.

उलट बाजूही पाहा. ताडोबाच्या रस्त्यावर जीपपासून तीस मीटरवर वाघ आडवा चालतोय. ६०० मिलिमीटरमध्ये तीस मीटरवर १.८ मीटर मावतात. वाघ शेपटीसकट त्याहून लांब असतो. त्याचा चेहरा देखणा येईल, पण पूर्ण वाघ मावणार नाही. कोकरे बेल्लूरमध्ये पक्षी डोक्यावरच्या फांदीवर असतात आणि रंगनथिट्टूच्या नावा घरट्यांच्या बेटांजवळून जातात. तिथे ३०० मिलिमीटरही अनेकदा पुरतात. लेन्स लांब असणं हा नेहमीच फायदा नसतो.

३. एफचा आकडा आणि अंगणातली परात

आता किमतीच्या मुळाशी जाऊ. एफ/४ किंवा एफ/६.३ या आकड्याला अॅपर्चर म्हणतात. लेन्स प्रकाश आत घेते त्या छिद्राचा व्यास हा आकडा सांगतो. नाभीय अंतराला त्या आकड्याने भागायचं. ६०० भागिले ४ म्हणजे १५० मिलिमीटर. ६०० भागिले ६.३ म्हणजे सुमारे ९५ मिलिमीटर.

पावसात अंगणात एक परात आणि एक पातेलं शेजारी-शेजारी ठेवलं, तर दहा मिनिटांत परातीत जास्त पाणी जमतं, कारण तिचं तोंड रुंद आहे. प्रकाशाचंही तसंच. किती प्रकाश गोळा होईल ते तोंडाच्या क्षेत्रफळावर ठरतं, आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं. १५० चा वर्ग २२,५०० आणि ९५ चा वर्ग ९,०२५. म्हणजे एफ/४ ची लेन्स एफ/६.३ पेक्षा सुमारे अडीच पट प्रकाश घेते.

तिसऱ्या लेन्सचे जास्तीचे पैसे मुख्यतः या अडीच पटीचे आहेत. पंधरा सेंटिमीटर व्यासाची निर्दोष भिंगं घडवणं अवघड असतं. शिवाय लांब लेन्समध्ये निरनिराळ्या रंगांचे किरण थोड्या वेगळ्या ठिकाणी एकत्र येतात आणि पक्ष्याच्या कडेला जांभळी-हिरवी रेघ उमटते. ती घालवायला खास कमी-अपस्करण काच किंवा फ्लोराइटचे स्फटिक वापरावे लागतात. निसर्गात फ्लोराइट सापडतं, पण लेन्सला लागणारे मोठे स्वच्छ स्फटिक कारखान्यात हळूहळू वाढवावे लागतात. कॅननने १९६९ साली असं कृत्रिम फ्लोराइट वापरलेली ३०० मिलिमीटरची लेन्स बाजारात आणली. तेव्हापासून महागड्या लांब लेन्सांमध्ये हे तंत्र रुळलं.

दुसऱ्या लेन्सचे पैसे मात्र वेगळ्या गोष्टीचे आहेत. तिचं तोंड ६०० मिलिमीटरवरच्या झूमएवढंच, एफ/६.३ चं. प्रकाश जास्त नाही. तिच्यात सूक्ष्म वर्तुळाकार पायऱ्या असलेलं एक भिंग आहे. ते प्रकाशाच्या विवर्तनाचा उपयोग करून रंगांचा दोष कमी करतं आणि त्यामुळे लेन्स आखूड व हलकी करता येते. म्हणजे दुसऱ्या लेन्समध्ये तुम्ही हलकेपणा विकत घेता, आणि त्यासोबत एकाच लांबीसाठी घडवलेल्या लेन्सची धार.

लेन्स पाहताना हा भेद लक्षात ठेवावा. पहिलीत लवचीकपणा मिळतो, दुसरीत हलकेपणा, तिसरीत प्रकाश.

४. अडीच पट प्रकाशाने काय साधतं?

रंगनथिट्टूत सकाळी नऊ वाजता नदी सुरय पाण्यावर झेप घेतोय. उडता पक्षी गोठवायला शटर एका सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाइतकंच उघडं ठेवावं लागतं. समजा, एफ/४ वर आयएसओ ८०० लागला. आयएसओ म्हणजे सेन्सरने टिपलेला प्रकाश कॅमेरा किती वाढवून दाखवतो त्याचा आकडा. प्रकाश कमी पडला की तो वाढवावा लागतो आणि फोटोत खरखर, म्हणजे नॉइज दिसू लागतो. त्याच क्षणी एफ/६.३ वर आयएसओ २००० लागेल. आजच्या फुल-फ्रेम कॅमेऱ्यात ८०० आणि २००० मधला फरक पाहायला फोटो फार मोठा करून पाहावा लागतो.

आता दांडेलीजवळच्या गणेशगुडीत किंवा आंबोलीत, दाट झाडीत, कर्णा बसलाय. पक्षी स्थिर आहे म्हणून शटर अडीचशेव्या भागावर ठेवलं. एफ/४ वर आयएसओ ६४०० लागला, तर एफ/६.३ वर १६,००० लागेल. आता फरक दिसतो. पिसांमधली बारीक नक्षी खरखरीत बुजते. नॉइज काढणारी सॉफ्टवेअर बरीच मदत करतात, पण जी रेषा टिपलीच गेली नाही ती परत आणता येत नाही. काबिनीच्या सावलीतला बिबट्या, सूर्य मावळल्यावर बाहेर पडलेलं घुबड, पावसाळी आभाळाखालचा धनेश, या सगळ्यांचं गणित हेच.

म्हणून अडीच पट प्रकाशाची किंमत दिवसभर सारखी नसते. भर उन्हात ती जवळजवळ शून्य असते आणि उजेडाच्या दोन टोकांना मोठी होते. तुम्ही बहुतेक फोटो कधी आणि कुठे काढता, यावर ते दहा लाख सार्थ की व्यर्थ हे ठरतं.

मोठ्या तोंडाच्या लेन्सबद्दलचा आदर जुन्या काळातून आला आहे, आणि त्या काळी तो रास्तच होता. संडूरच्या घोरपडे या मराठा राजघराण्यातले एम. वाय. घोरपडे (१९३१-२०११) कर्नाटकचे अर्थमंत्री होते आणि देशातल्या नावाजलेल्या वन्यजीव छायाचित्रकारांपैकी एक होते. बंगळुरूचे टी. एन. ए. पेरुमल (१९३२-२०१७) त्यांच्याच पिढीतले. ही पिढी फिल्मवर काम करत होती. त्या काळच्या रंगीत फिल्मचा वेग आयएसओ ६४ सारखा असे. आज आपण ६४०० सहज वापरतो, म्हणजे शंभर पट. त्यांना प्रकाश वाढवायला छिद्र मोठं करण्यावाचून फारसा मार्ग नव्हता. आपल्याला आहे. १९८० साली जी लेन्स गरज होती, ती आज अनेकांसाठी सोय झाली आहे.

५. मागची पार्श्वभूमी कशी विरघळते?

महागडी लेन्स घेण्यामागे दुसरं कारण सांगितलं जातं ते धूसर, मऊ पार्श्वभूमीचं. फोटोग्राफर तिला बोके म्हणतात. पक्षी धारदार आणि मागचं सगळं विरघळलेलं. एफ/४ ते जास्त देते हे खरं. किती जास्त, ते मोजता येतं.

मागचा एखादा ठिपका फोटोत पसरून गोल चकती होते. ती चकती पक्ष्याच्या जागी धरलेल्या पट्टीवर मोजली तर तिचा आकार असा निघतो : लेन्सच्या छिद्राचा व्यास घ्या, पक्ष्यापासून मागच्या झाडीपर्यंतच्या अंतराने गुणा आणि तुमच्यापासून झाडीपर्यंतच्या अंतराने भागा.

पक्षी दहा मीटरवर आणि मागची झाडी तुमच्यापासून वीस मीटरवर आहे. एफ/४ चा व्यास १५० मिलिमीटर. १५० गुणिले १०, भागिले २०, म्हणजे ७५ मिलिमीटरची चकती. एफ/६.३ ला ९५ गुणिले १०, भागिले २०, म्हणजे सुमारे ४८ मिलिमीटर. एफ/४ ची पार्श्वभूमी नक्कीच मऊ आहे.

आता एफ/६.३ घेऊन थोडे बाजूला सरका, किंवा गुडघ्यावर बसा, म्हणजे पक्ष्यामागे जवळच्या झुडपाऐवजी चाळीस मीटरवरची झाडी येईल. ९५ गुणिले ३०, भागिले ४०. सुमारे ७१ मिलिमीटर. दोन पावलांच्या सरकण्याने स्वस्त लेन्स महागड्या लेन्सच्या जवळ पोचली. जीपमध्ये किंवा नावेत अडकलेला माणूस असा सरकू शकत नाही, तिथे एफ/४ चा फायदा खरा. पायी फिरणाऱ्याने आधी जागा बदलून पाहावी.

मोठ्या छिद्राची एक अडचणही आहे. ६०० मिलिमीटरवर, दहा मीटर अंतरावर, एफ/४ ला धारदार दिसणारा पट्टा जेमतेम सात सेंटिमीटर जाडीचा असतो, एफ/६.३ ला सुमारे दहा. चित्रबलाकाची चोचच जवळपास वीतभर असते. तो तुमच्याकडे तोंड करून उभा असेल तर एफ/४ वर डोळा धारदार आणि चोचीचं टोक धूसर येतं. मग एफ/४ चा मालकही छिद्र लहान करून एफ/८ वर जातो. कोकरे बेल्लूरच्या उन्हात दोन्ही लेन्स एकाच आकड्यावर काम करताना दिसतील.

६. वजन खांद्यावर येतं

माहितीपत्रकातलं वजन वाचताना कॅमेराही धरावा. निकॉनचा झेड-८ बॅटरीसकट ९१० ग्रॅमचा. त्याच्यासोबत तिसरी लेन्स सव्वाचार किलोच्या आसपास जाते, झूम तीन किलोंवर आणि दुसरी लेन्स अडीच किलोंच्या आत राहते.

सव्वाचार किलो हातात धरून उडता पक्षी फार वेळ टिपता येत नाही. तिपाई लागते, तिपाईवर लेन्स तोलून फिरवणारं गिंबल हेड लागतं, मोठी पिशवी लागते. देशांतर्गत विमानात हातातल्या सामानाची मर्यादा बहुतेक ठिकाणी सात किलो असते, आणि एवढी महाग लेन्स कुणी सामानाच्या पोटात टाकत नाही. जीपमध्ये मात्र वजन फार जाचत नाही. रिकामी बीनबॅग नेऊन तिथे तांदूळ किंवा वाळू भरून दांड्यावर ठेवली की लेन्स तिच्यावर विसावते.

म्हणून स्वतःला विचारा : मी चालतो की बसतो? आंबोलीच्या पायवाटांवर, हेसरघट्टाच्या माळावर चालणाऱ्याला दीड किलोची लेन्स जास्त फोटो मिळवून देईल, कारण पक्षी अचानक उठतो तेव्हा ती हातात असेल. जीपमध्ये किंवा लपणाच्या खोलीत तासन्‌तास बसणाऱ्याला वजनाची फिकीर कमी.

वाढत्या वयाचाही विचार करा. ही खरेदी दहा-पंधरा वर्षांसाठी असते. आज उचलता येणारी लेन्स साठीतही उचलता येईल का?

७. झूम, कन्व्हर्टर आणि लहान सेन्सर

एकाच लांबीच्या लेन्सला प्राइम म्हणतात. प्राइम साधारणपणे जास्त धारदार असते आणि तिचं फोकस चटकन लागतं. पण वाघ चालत जीपजवळ आला, तर प्राइमवाल्याकडे मागे सरकायला जागा नसते. झूमवाला ६०० वरून २०० वर येतो आणि वाघासोबत रस्ता, बांबू, धुकं, सगळं घेतो. जंगलाचा फोटो आणि प्राण्याचा फोटो यात फरक असतो, आणि पहिल्यासाठी झूमच हवी. जवळच्या विषयांतही झूम पुढे आहे. १८०-६०० लेन्स १८० वर १.३ मीटरपर्यंत फोकस करते, ६०० वर २.४ मीटरपर्यंत. ६०० एफ/६.३ ला किमान चार मीटर लागतात. चतुर, फुलपाखरं, सरडे टिपणाऱ्याने हा आकडा वगळू नये.

झूमचे दोन प्रकार असतात. काही झूम करताना पुढे सरकून लांब होतात, काहींची लांबी कायम राहते. निकॉनची १८०-६०० आणि सोनीची २००-६०० लांबी न बदलणाऱ्या आहेत. लाल मातीच्या धुरळ्यात फिरणाऱ्याला त्या बऱ्या पडतात.

टेलिकन्व्हर्टर म्हणजे कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसवायचं छोटं भिंग. १.४ पटीचा कन्व्हर्टर ६०० चे ८४० करतो, पण प्रकाश निम्मा करतो. ६०० एफ/६.३ त्याच्यासोबत ८४० एफ/९ होते. ६०० एफ/४ ची ८४० एफ/५.६ होते, आणि निकॉनच्या तिसऱ्या लेन्समध्ये हा कन्व्हर्टर आतच बसवलेला आहे, कळ फिरवली की काम झालं. कन्व्हर्टरवर ज्यांची भिस्त आहे, त्यांच्यासाठी मोठं तोंड फार मोलाचं. एफ/६.३ च्या झूमला कन्व्हर्टर लावून पहाटे फोटो काढायला जाल, तर निराशाच पदरी येईल.

लहान सेन्सरच्या, म्हणजे एपीएस-सी कॅमेऱ्यावर ६०० मिलिमीटर लेन्स फुल-फ्रेमवरच्या ९०० सारखी दिसते, असं सांगतात. दृश्याचा मधला तुकडाच घेतला जातो, म्हणून तसं दिसतं. ४५ मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेम फोटोतून तोच तुकडा कापला तर सुमारे १९-२० मेगापिक्सेल उरतात, म्हणजे वीस मेगापिक्सेलच्या लहान सेन्सरइतकेच. कमी खर्चात पोच हवी असेल तर लहान सेन्सर हा प्रामाणिक मार्ग आहे. प्रकाश मात्र त्याने वाढत नाही.

८. जे कोणतीच लेन्स सोडवत नाही

भिगवणला दुपारी बारा वाजता दीडशे मीटरवरचे रोहित टिपले, तर पंधरा लाखांची लेन्सही लिबलिबीत फोटो देईल. तापलेल्या पाण्यावरची हवा थरथरते, प्रकाशकिरण वाकतात आणि धार जाते. उपाय दोनच. सकाळी लवकर जाणं किंवा अंतर कमी करणं.

लेन्समधला कंपनरोधक तुमच्या हाताची थरथर सावरतो, पक्ष्याची हालचाल नाही. उडत्या सुरयासाठी वेगवान शटरच लागतं.

आणि सर्वांत महत्त्वाचं. जे लेन्सने जमत नाही ते घरट्याजवळ जाऊन, फांद्या तोडून, आमिष टाकून किंवा ध्वनिमुद्रित हाक वाजवून करू नये. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालापासून आहे, पण कायद्याच्या आधी साधी गोष्ट ही, की घरट्यावरून उठलेल्या आईची अंडी उन्हात तापतात आणि कावळ्यांना दिसतात. लांब लेन्सचा खरा उपयोग अंतर राखण्यासाठी आहे.

साधन आणि फोटो यांचं नातं समजायला चेन्नईचे निसर्ग-अभ्यासक एम. कृष्णन (१९१२-१९९६) यांचं उदाहरण पुरेसं आहे. त्यांनी निरनिराळे भाग जोडून स्वतःचा कॅमेरा तयार केला होता आणि त्याला ‘सुपर पाँडेरोसा’ हे नाव दिलं होतं. त्यांनी टिपलेले हत्तींचे कृष्णधवल फोटो आजही अभ्यासले जातात, कारण हत्ती पुढच्या क्षणी काय करणार हे त्यांना ठाऊक असे. ते ज्ञान दुकानात मिळत नाही. बंगळुरूत यूथ फोटोग्राफिक सोसायटी १९७१ पासून चालू आहे. अशा मंडळींत बसून दुसऱ्यांचे फोटो पाहणं हे लेन्सच्या खरेदीइतकंच महत्त्वाचं.

९. घेण्याआधी तपासा

बंगळुरूत लेन्स भाड्याने मिळतात. लाखांचा निर्णय घेण्याआधी दोन-तीन दिवस हवी ती लेन्स भाड्याने घ्या आणि घरापासूनच सुरुवात करा. रसेल मार्केटवरच्या घारी टिपा. घार अंगावर येताना आणि दूर जाताना सलग फोटो काढा, किती धारदार आले ते मोजा. फोकसची परीक्षा एवढ्याने होते. संध्याकाळी हलसुरू तलावावर जा आणि उजेड उतरत असताना आयएसओ कुठवर जातो ते पाहा. लेन्स हातात धरून अर्धा तास फिरा.

जुनी लेन्स घेत असाल, तर बॅटरीचा प्रकाश पुढून टाकून मागून आत पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे. अशी लेन्स घेऊ नका. फोकस जवळ-दूर दोन्हीकडे, कंपनरोधक, झूमची कडी, तिपाईचा पट्टा, सगळं चालवून पाहा. लेन्सवरचा क्रमांक बिल आणि खोक्याशी जुळवा. नवीन घेताना भारतातली हमी आहे की नाही ते लेखी घ्या; परदेशातून आलेला माल स्वस्त दिसतो, पण दुरुस्तीच्या वेळी हमी उपयोगी पडत नाही. एफ/४ हवीच असेल आणि पैसे कमी असतील, तर आरसावाल्या कॅमेऱ्यांच्या काळातल्या ६०० एफ/४ लेन्स अॅडॉप्टर लावून आजच्या कॅमेऱ्यांवर चालतात. त्या जड आहेत, आणि त्यांचे सुटे भाग मिळतात का हे आधी विचारावं.

घरी आणल्यावर लेन्स कपाटात कपड्यांसोबत ठेवू नका. पावसाळ्यात बुरशी धरते. हवाबंद डबा, सिलिका जेल किंवा आर्द्रता चाळीस ते पन्नास टक्क्यांवर ठेवणारं कपाट, यांवरचा खर्च लेन्सच्या किमतीतच धरावा.

१०. मग कुणी काय घ्यावं?

सहाशेपर्यंतची झूम घ्या आणि ती दोन मोसम मनापासून वापरा. मग तुमचे सर्वांत आवडते शंभर फोटो निवडा. प्रत्येक फोटोसोबत कॅमेरा नाभीय अंतर, अॅपर्चर आणि आयएसओ नोंदवून ठेवतो. ती नोंद एका कागदावर उतरवा.

फोटो २०० ते ६०० अशा सगळ्या लांब्यांवर विखुरलेले असतील, तर तुमची लेन्स तुमच्याकडे आहे. पैसे प्रवासाला ठेवा.

बहुतेक फोटो ६०० वर असतील, आयएसओ आटोक्यात असेल आणि तुम्ही पायी फिरत असाल, तर हलकी ६०० एफ/६.३ तुमच्यासाठी आहे.

बहुतेक फोटो ६०० वर, आयएसओ ६४०० च्या वर, आणि पहाट, सांज, दाट जंगल हाच तुमचा मुलूख असेल, तिपाई-जीप यांची सोय असेल आणि घरखर्चाला हात न लावता पैसे उभे राहत असतील, तर एफ/४ घ्या. ती तुम्हाला खरोखर लागते.

शंभर फोटो जमलेच नसतील, तर कोणतीही नवी लेन्स घेऊ नका. या आठवड्यात पहाटे उठून तलावावर जा.